पोरांच्या थ्रिलरची ओपनिंग तपासताय? आधी पॉजवरचा हात काढा

सबमिशनचा आठवडा आला की ड्राइव्हच्या लिंका धडाधड येऊन पडतात, प्रत्येकीत दोन-अडीच मिनिटांची थ्रिलर ओपनिंग, म्हणजे पिक्चरची फक्त सुरुवात, आणि त्यातल्या निम्म्यांत हुडी घातलेला कोणीतरी सोसायटीच्या पार्किंगमधून चाललेला असतो. पुण्यात, ऐन एप्रिलमध्ये, हुडी. असो. हे तपासायचं कसं ते सांगते, मीडिया शिकवणाऱ्यांसाठी तर आहेच पण पोरांनी सबमिट करायच्या आधी स्वतःच्या फिल्मवर हे करून बघितलं तरी चालतंय.

पहिल्यांदा बघताना मार्कांचा तक्ता बाजूला ठेवा आणि अजिबात पॉज करू नका. कागदावर दोनच गोष्टी टिपायच्या, कुठल्या सेकंदाला "आता काय होणार" असं वाटलं आणि कुठल्या सेकंदाला लक्ष उडालं. दुसऱ्यांदा बघताना पुढचं माहीत असतं त्यामुळे धाकधूक परत येत नाही, ती पहिल्यांदाच काय ती मिळते, तेव्हा ती लो अँगल किती आणि क्लोजअप किती हे मोजण्यात घालवू नका, ते नंतर होतंच.

मग बघायचं की ही ओपनिंग आहे का तरी. बरेच ग्रुप ट्रेलर करून आणतात, म्हणजे अख्ख्या पिक्चरमधले तुकडे दणादण, नाहीतर सरळ शॉर्टफिल्म, ज्यात दोन मिनिटांत खून होतो, खुनी सापडतो आणि विषय संपतो. ओपनिंग संपल्यावर तुमच्या डोक्यात एक प्रश्न उरला पाहिजे, आणि तो "हे काय चाललंय" असला नको. एका ओळीत लिहून बघा तो प्रश्न. लिहिता येत नसेल तर गडबड स्क्रिप्टमध्येच आहे, कॅमेरावाल्याला बोल लावू नका.

आता खरा मुद्दा. थ्रिलरमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ एकाच गोष्टीवर घालवते: काय लपवलंय, आणि कोणापासून. सस्पेन्स पिक्चरवाला दिग्दर्शक हिचकॉक, त्याचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण प्रसिद्ध आहे, बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का, पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी कळलं आणि टेबलावरच्यांना माहीतच नाही तर तीच साधी बडबड १५ मिनिटं जीव टांगणीला लावते. एका ग्रुपनं सदाशिव पेठेतल्या वाड्यात शूट केलेलं, मुलगी जिना चढून येते, एकटीच राहते, कुलूप काढून आत जाते, आणि दाराबाहेर तिच्या सँडलशेजारी पुरुषाच्या चपला. दाराच्या वाइड शॉटमध्ये कोपऱ्यात, जेमतेम दीड सेकंद. ती फोनवर आईशी बोलत चहा टाकते आणि आपण इकडे खुर्चीत अवघडून बसलोय. कसला भारी शॉट! आणि मग पुढच्याच मिनिटाला ती बाहेर येऊन मोठ्यांदा म्हणते, "अरे, ह्या चपला कोणाच्या?" झालं, हवा गेली. अशा वेळी शॉटचे मार्क पूर्ण द्यायचे आणि डायलॉगचे कापायचे, आणि दोन्ही वेगवेगळं लिहायचं, नाहीतर पोरं पुढच्या वेळी चपलाच काढून टाकतात.

खलनायकाचंही तसंच. चेहरा झाकायला हुडीच कशाला पाहिजे, आपल्याकडे भर दुपारी डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फनं बांधलेल्या मुली स्कूटरवरून जातात आणि कोणी वळूनही बघत नाही. कोणी असलं गावातलं काही वापरलेलं दिसलं तर मी लगेच जास्त मार्क देते, हा माझा पक्षपात समजा हवं तर.

दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघा. गोष्ट कळतेय का, आणि दिशा बरोबर आहेत का. पर्वतीच्या पायऱ्यांवर पाठलाग आहे, मुलगा डावीकडून उजवीकडे पळतोय आणि पुढच्या शॉटमध्ये मागचा माणूस उजवीकडून डावीकडे, तर पाठलाग वाटतच नाही, दोघं एकमेकांवर आपटणार असं वाटतं. १८० डिग्रीचा नियम, म्हणजे पात्रांमधून जाणारी एक रेषा मनात धरून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, पाठ असतो सगळ्यांना, वायव्हात घडाघडा सांगतात, एडिटच्या टाइमलाइनवर विसरतात.

अंधाराचंही ह्याच फेरीत बघून घ्या. रात्र म्हणजे काळी स्क्रीन नव्हे, डोळे आणि हात दिसलेच पाहिजेत. काळोखात फोननं काढलेलं फुटेज एडिटमध्ये ओढून उजळलं की नुसते दाणे दिसतात, त्यापेक्षा सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटं जो निळसर उजेड असतो त्यात टेकडीवर शूट केलेलं कितीतरी बरं. भिंतीवर पट्टे सरकताना दिसले तर तो इफेक्ट नाही बरं का. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, कॅमेऱ्याचा शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की जातात ते पट्टे. एवढ्याला फार मार्क कापू नका, सांगा फक्त.

तिसऱ्यांदा डोळे मिटून. इथे बहुतेकांचं पितळ उघडं पडतं. कट आला की पंख्याची घरघर एकदम गायब, पुढच्या कटला परत हजर, म्हणजे कोणी रूम टोन, त्या जागेचा नुसता मागचा आवाज, घेतलाच नाही, लोकेशनवर अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसून रेकॉर्ड केलं असतं तर काम झालं असतं. आणि पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत तो फुकटातला घूंऽऽ म्युझिक ट्रॅक. म्युझिक म्यूट करून त्यांनाच दाखवायला लावा, खाली पावलं, कडी, श्वास काही आहे का ते. वेताळ टेकडीवर शूट करून मोराचा आवाज नॉइज रिडक्शन मारून काढून टाकलेला ऐकलाय मी, अरे, संध्याकाळी तो आवाज फुकट मिळालेला आणि तुम्ही पुसला!

टायटल्सवर पटकन. रक्त गळणारा फॉन्ट नको, नाव आरामात दोनदा वाचून होईल इतका वेळ राहावं, आणि महत्त्वाचं काही घडतंय तिथेच येऊ नये. मराठी टायटल्स असतील तर जोडाक्षरं बघाच, एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं जुळवणारं टेक्स्ट इंजिन सेटिंगमधून बदललं नाही तर "दिग्दर्शक" मधला रफार सुटून भलतीकडे बसतो आणि पाच जणांच्या ग्रुपमध्ये कोणालाच दिसत नाही.

शेरा लिहिताना "छान प्रयत्न, पेसिंग सुधारा" असलं लिहू नका, त्यातनं पोराला काही कळत नाही. वेळ टाकून लिहा: "१:०४ ला दार उघडायच्या आधीच म्युझिक चढतं, त्यामुळे कोणीतरी आहे हे आधीच कळतं, म्युझिक काढून बघ." मग एडिट करणाऱ्याला समोर बसवून तेवढा बदल करायला लावा आणि दोन्ही व्हर्जन दुसऱ्या वर्गातल्या कोणाकोणाला दाखवा, प्रत्येकाला एकच, काही न सांगता. एडिटिंगचे मार्क त्यानंतर भरा, कारण बदल का केला आणि का नाही केला हे तो कसं सांगतो त्यावरच कळतं की टाइमलाइनवर खरंच तो बसला होता की त्याचा रूममेट.