रोजच्या गाडीला हाय परफॉर्मन्स ऑल सीझन टायर: घ्यायचे कसे, वापरायचे कसे

न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेन्सिल्व्हेनिया या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितोय, कारण टायरचा हा घोळ इथल्याच हवेत जास्त होतो. डॅलसवाल्यांना बर्फाचं एवढं टेन्शन नाही आणि मिनेसोटावाल्यांनी जास्त विचार न करता थंडीत विंटर टायर लावावेत. आपण मधले. जुलैत ९५ डिग्री, ऑक्टोबरात धो धो पाऊस, जानेवारीत सकाळी २० फॅरनहाइट आणि कधीतरी एका रात्रीत फूटभर स्नो, आणि या सगळ्यात ऑफिसला जायचंच असतं. पुण्यात टायर घेताना कंपनी कुठली आणि केवढ्याला एवढंच विचारायची सवय, इथे काउंटरवरचा माणूस "परफॉर्मन्स ऑल सीझन टाकू का?" म्हणतो आणि आपण मान हलवतो, बिल बघून मग डोळे पांढरे.

तर आधी हा प्रकार आहे काय ते बघू. समर टायरचं रबर गरम रस्त्यासाठी बनवलेलं असतं, पारा साधारण ४५ फॅरनहाइटच्या खाली गेला म्हणजे आपल्या भाषेत ७ सेल्सिअस, की ते कडक होत जातं आणि पकड जाते. साधा टूरिंग ऑल सीझन टायर थंडीत चालतो, खूप माइल टिकतो, पण वळणावर जरा ढिला वाटतो. हाय परफॉर्मन्स ऑल सीझन या दोघांच्या मधला. रबरात सिलिका जास्त, साइडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत कडक, खांद्याकडचे म्हणजे कडेचे रबराचे ब्लॉक मोठे म्हणजे वळताना वाकत नाहीत, आणि ब्लॉकवर बारीक चिरा असतात त्या स्नोमध्ये कडा पकडतात. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४, कॉन्टिनेंटलचा एक्स्ट्रीम कॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस ०६ प्लस, पिरेलीचा पी झीरो ऑल सीझन प्लस ३ ही यातली नेहमी ऐकू येणारी नावं. अकॉर्ड स्पोर्टसारख्या १९ इंची रिमवाल्या गाडीला यातलंच काहीतरी समोर येतं.

रोजच्या ड्रायव्हिंगमध्ये फरक कुठे कळतो म्हणाल तर कोरड्या रस्त्यावर फार नाही, खरं सांगतो. आय-२८७ हायवेवर ट्रॅफिकमध्ये ३० च्या स्पीडने सरकताना कुठलाही टायर चालतो. फरक कळतो तो एक्झिटच्या गोल रॅम्पवर आणि समोरच्याने अचानक ब्रेक मारल्यावर, स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच ऐकते, मधे तो सेकंदाचा आळस नसतो. पण माझ्या मते पैसे वसूल होतात ते पावसात. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की चांगला टायर टूरिंगच्या बऱ्याच आधी गाडी थांबवतो आणि गार्डन स्टेट पार्कवेला कडेच्या लेनमध्ये पाणी साचतं तिथेही धीर देतो. स्टिअरिंग अचानक हलकं झालं, हातात काही लागतच नाही असं वाटलं, तर टायर पाण्यावर तरंगतोय समजा. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेकवर उभं राहू नका, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, एक दोन सेकंदात टायर परत रस्ता पकडतो.

थंड पण कोरड्या दिवसात, जे आपल्याकडे डिसेंबर ते मार्च सगळ्यात जास्त असतात, हे टायर मस्त चालतात. हलक्या स्नोमध्ये, दोन तीन इंच आणि प्लाऊ म्हणजे बर्फ हटवणारी गाडी फिरून गेलेली असेल तर, निघतं काम. बर्फाच्या काचेवर म्हणजे ब्लॅक आइसवर काहीही चालत नाही, हा नाही, तोही नाही, आणि पुलावर तर रस्त्याच्या आधी बर्फ धरतो हे लक्षात ठेवा. एक गैरसमज आपल्या लोकांत फार आहे, "माझी ऑल व्हील ड्राइव्ह आहे, मला काय टेन्शन." अहो ऑल व्हील ड्राइव्ह गाडी हलवायला मदत करते, थांबवायला चारही चाकांना ब्रेक प्रत्येक गाडीत असतोच, तिथे फक्त टायर कामाला येतो. पहिला स्नो पडला की रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये १५ च्या स्पीडला एकदा जोरात ब्रेक मारून बघा, एबीएस पायाखाली कसा थडथडतो आणि गाडी किती पुढे जाऊन थांबते ते कळतं. एकदा बघितलं की पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं ते कोणी सांगावं लागत नाही.

आता मुद्द्याचं. रिव्ह्यू सगळे नव्या टायरचे असतात, आणि नवा टायर कुठलाही चांगलाच वाटतो. तुम्ही मात्र टायर तीन चार वर्षं वापरणार, म्हणजे बहुतेक काळ तो अर्धा घासलेला असणार. नव्या टायरला खाचांची खोली साधारण १०/३२ इंच असते, म्हणजे ८ मिलिमीटर. कायद्याने २/३२ पर्यंत चालतो पण तो आकडा डोक्यातून काढून टाका. स्नोसाठी ६/३२ च्या खाली गेला की त्याच्यावर भरवसा नको, पावसासाठी ४/३२ च्या खाली नको. म्हणजे बघा, स्नोवाला टायर म्हणून याचं आयुष्य वॉरंटीत लिहिलेल्या माइलच्या अर्ध्याच्या आसपासच संपतं, पुढे तो पावसाचा आणि कोरड्याचा टायर. हे दुकानात कोणी सांगत नाही.

मोजायला गेज पाच दहा डॉलरला मिळतो पण नाणंही चालतं. पेनी म्हणजे एक सेंटचं नाणं घ्या, लिंकनचं डोकं खाली करून खाचेत घाला, डोक्याचा वरचा भाग पूर्ण दिसला तर २/३२ सुद्धा उरलं नाही, टायर गोटा झालाय, आजच बदला. क्वार्टर म्हणजे २५ सेंटचं नाणं घ्या, वॉशिंग्टनचं डोकं तसंच खाली करा, डोक्याला रबर टेकत नसेल तर ४/३२ च्या खाली गेलात. २००८ किंवा आधीची पेनी असेल तर तिच्या मागे लिंकन मेमोरियलची इमारत आहे, ते खाली करून घाला, मेमोरियलचा वरचा काठ रबराने झाकला गेला तर ६/३२ पेक्षा जास्त आहे, हा हिवाळा निघेल. आतली खाच, मधली आणि बाहेरची तिन्ही मोजा, कारण अलाइनमेंट गेलेली असेल तर बाहेरून टायर छान दिसतो आणि आतल्या कडेला तारा दिसायच्या बेतात असतात, खाली वाकल्याशिवाय कळतच नाही. कॉन्टिनेंटलच्या त्या टायरवर तर सोयच केलीये, टायरच्या नक्षीवर डी, डब्ल्यू, एस ही अक्षरं कोरलेली आहेत, ड्राय, वेट, स्नो. आधी एस घासून जातं म्हणजे स्नोचं काम संपलं, मग डब्ल्यू. ऑक्टोबरात स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरवर ही अक्षरं बघायची, एस दिसत नसेल तर स्नोच्या दिवशी सरळ वर्क फ्रॉम होम.

घेताना साइडवॉलवर काय वाचायचं? साइज, समजा २३५/४० आर १९, म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्याच्या ४० टक्के म्हणजे जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर, रिम १९ इंच. त्याच्यापुढे लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, आणि स्पीडचं अक्षर. एच म्हणजे ताशी १३० माइल, व्ही १४९, डब्ल्यू १६८. न्यू जर्सी टर्नपाइक हायवेवर लिमिट ६५ चं, मग १६८ वाला कशाला असा प्रश्न पडतो, तर ते अक्षर म्हणजे टायर उष्णता किती सोसतो त्याचं माप आहे, आणि त्याच बांधणीमुळे तो वळणावर ताठ राहतो. गाडीला कंपनीने व्ही दिलाय तर पैसे वाचवायला खालचं अक्षर घेऊ नका, बरीच दुकानं बसवून द्यायलाही नाही म्हणतात.

मग ती यूटीक्यूजी म्हणजे अमेरिकेतल्या सरकारी टायर ग्रेडिंगची ओळ, ट्रेडवेअर ५६०, ट्रॅक्शन एए, टेम्परेचर ए असं काहीतरी. ट्रेडवेअरचा आकडा जास्त तितका टायर जास्त टिकणार अशी कल्पना, त्याची टेस्ट टेक्सासमध्ये सॅन अँजेलोच्या बाजूच्या रस्त्यांवर ७,२०० माइल गाडी चालवून होते, पण शेवटचा आकडा कंपनीच ठरवते, त्यामुळे एकाच कंपनीचे दोन टायर तोलायला ठीक, दोन वेगळ्या कंपन्यांचे तोलायला नको. ट्रॅक्शन एए म्हणजे ओल्यात सरळ रेषेतला ब्रेक चांगला, वळणाबद्दल तो काही सांगत नाही. आणि एम प्लस एस, म्हणजे मड अँड स्नो, छापलंय म्हणून हुरळून जाऊ नका, ते फक्त नक्षीच्या आकारावरून मिळतं. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात स्नोफ्लेक असं चित्र असेल तर स्नोमध्ये टेस्ट झालेली आहे, तीसुद्धा मुख्यतः गाडी निघण्याची, थांबण्याची नाही. परफॉर्मन्स वर्गातल्या बऱ्याच टायरवर हे चित्र नसतं.

मग घ्यावा का? रोज ४० माइल हायवे, घर अशा ठिकाणी जिथे टाउनशिप प्लाऊ लवकर फिरवते, गाडी जरा जोमाने चालवायला आवडते, तर डोळे झाकून घ्या. घर टेकडीवर, किंवा हॉस्पिटलची नोकरी म्हणजे स्नो पडो काही पडो जायचंच, तर तो डोंगर-स्नोफ्लेकवाला ऑल वेदर प्रकार बघा, मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट २ वगैरे, किंवा विंटर टायरचा वेगळा सेट ठेवा. आणि गाडी फक्त ट्रेन स्टेशन आणि पटेल ब्रदर्सला किराणा आणायला जाते, तर साधा टूरिंग टायर घ्या आणि उरलेल्या पैशात चार वेळा जेवून या. परफॉर्मन्सवाल्याची वॉरंटी साधारण ४५ ते ५० हजार माइलची, टूरिंगमध्ये ८० हजारांपर्यंत मिळते. मायलेजही किंचित पडतं. टेस्लावाल्यांना ते रेंजमध्ये लगेच दिसतं, त्यांनी लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी घ्यायचाच नाही, बॅटरीचं वजन असतं.

टायर घेऊन झाला की हवा. न्यू जर्सीत पेट्रोल स्वतः भरायला कायद्याने बंदी, हवा मात्र स्वतःच भरायची, म्हणून आपले लोक भरतच नाहीत. वावाच्या पेट्रोल पंपांवर फुकट मिळते. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा बघायचा, टायरवर छापलेला असतो तो मॅक्सिमम, तो भरायचा नसतो. सकाळी गाडी चालवायच्या आधी थंड टायरवर मोजा. तापमान १० फॅरनहाइट उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होतो. ऑक्टोबरात ७० डिग्रीला ३५ भरलेली हवा जानेवारीत २० डिग्रीला ३० वर येते, आणि डॅशबोर्डचा पिवळा लाइट लागतो तो सुमारे २५ टक्के कमी झाल्यावर, म्हणजे २६ च्या आसपास. म्हणजे लाइट लागला नाही म्हणून सगळं ठीक असं नाही, अख्खा हिवाळा कमी हवेवर जातो आणि टायर दोन्ही कडांनी खाल्ला जातो, ओल्या रस्त्यावर पकडही जाते ती वेगळीच.

दर ५ ते साडेसात हजार माइलला रोटेशन म्हणजे टायरच्या जागांची अदलाबदल करा, ऑइल चेंजला जोडून टाका म्हणजे विसरत नाही, आणि पावत्या जपा, वॉरंटी मागायला गेलं की आधी तेच विचारतात. या टायरचे मोठे ब्लॉक रोटेशन नाही केलं तर करवतीसारखे घासतात आणि मग हायवेला घों घों आवाज सुरू होतो, लोकांना वाटतं बेअरिंग गेलं. पुढचे मागचे टायर वेगळ्या साइजचे असतील, काही बीएमडब्ल्यूला असतात तसे, तर पुढे मागे फिरवता येत नाहीत आणि मागच्यांची वॉरंटी बऱ्याच कंपन्या निम्मीच धरतात.

खड्ड्यांचं काय सांगायचं, फेब्रुवारी मार्चमध्ये इथले रस्ते आपल्याला माहेरची आठवण करून देतात. साडेनऊ सेंटिमीटरची साइडवॉल खड्ड्यात गेली की रिम आणि रस्त्यात चिमटते, आतले धागे तुटतात आणि बाहेरून फुगा येतो. फुगा आला की रिपेअर नाही, टायर बदलायचाच. म्हणून रोड हॅझर्ड कव्हर, म्हणजे रस्त्यावरच्या नुकसानीचं कव्हर, या टायरवर घ्याच, इतर कुठली एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊ नका हवं तर. आणि डिकी उघडून बघून घ्या स्टेपनी आहे का, बऱ्याच नव्या गाड्यांत नुसता पंप आणि सीलंटची बाटली असते, साइडवॉल फाटल्यावर तिचा काही उपयोग नाही.

बसवायला गेलात की टायर रिमवर चढायच्या आधी तारीख बघा, साइडवॉलवरच्या डीओटी नंबरचे शेवटचे चार आकडे, ३५२४ म्हणजे २०२४ चा ३५ वा आठवडा. वर्षाच्या आतला असेल तर उत्तम, दोन तीन वर्षं गोडाउनमध्ये पडलेला देत असतील तर दुसरा मागा, लाजायचं काय त्यात. एकावेळी दोनच बदलायचे असतील तर नवे दोन मागे टाकायला सांगा, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरी, कारण पावसात मागची बाजू सुटली तर सावरणं फार अवघड. ऑल व्हील ड्राइव्हला बहुतेक कंपन्या चारही सारखेच घासलेले मागतात, मॅन्युअल बघा. आउटसाइड लिहिलेली बाजू बाहेरच आलीये ना ते चारही चाकांना फिरून बघा, घाईत उलटा बसवतात कधीकधी. अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या, प्रिंटआउट मागा. पहिले काही शे माइल जरा बेताने चालवा, नव्या रबरावर साच्यातून आलेला गुळगुळीतपणा असतो तो जाऊ द्या, आणि ५० ते १०० माइल झाले की परत दुकानात जाऊन चाकाचे नट टॉर्क रेंचने तपासून घ्या, बहुतेक ठिकाणी फुकट करतात, पाच मिनिटांचं काम आहे.