लडाखमध्ये पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) जॉईन होताय? आधी रस्त्याचं कॅलेंडर बघा

एमबीबीएस झालं, पीजीला पहिल्या वर्षी हवी ती ब्रँच मिळाली नाही, आणि लडाखच्या एनएचएमची (राष्ट्रीय आरोग्य अभियानाची) जाहिरात बघून मी अर्ज केला, तशी मिरजेहून थेट नुब्रा खोऱ्यात पोचले. मेडिकल ऑफिसर, कॉन्ट्रॅक्टवर. दोन हिवाळे काढले तिथे. आता ज्युनिअर्सचे फोन येतात, पगार किती, क्वार्टर मिळतं का, नेट चालतं का. तेही सांगते, पण जे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं ते पहिलं सांगते.

२०११ च्या जनगणनेत लडाखची लोकसंख्या २,७४,२८९ होती आणि क्षेत्रफळ ५९,१४६ चौरस किलोमीटर, म्हणजे एका चौरस किलोमीटरला पाच माणसंपण नाहीत. आपण पीएसएममध्ये (सामाजिक वैद्यकशास्त्रात) पाठ केलेलं आठवतंय ना, डोंगरी आणि आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक पीएचसी? तो निकष इथे जसाच्या तसा लावला तर अख्ख्या लडाखला तेरा-चौदा पीएचसी येतात आणि एकेकीच्या वाट्याला चार हजारांहून जास्त चौरस किलोमीटर, अख्खा गोवा त्याहून लहान आहे. म्हणून इथे डोकी मोजून काही कळत नाही, अंतर मोजायचं, आणि तेही किलोमीटरमध्ये नाही, तासांत. आणि हिवाळ्यात तर दिवसांत.

नुब्रातून लेहच्या एसएनएम या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला जायचं तर मध्ये खारदुंग ला ही खिंड. साधारण ५,३५९ मीटर. दिस्कीट ते लेह जेमतेम सव्वाशे किलोमीटर, चांगल्या दिवशी चार-पाच तास, आणि बर्फ पडला की रस्ता बंद. बीआरओची (सीमा रस्ते संघटनेची) माणसं दिवसरात्र बर्फ काढतात, त्यांचे उपकार आहेत आपल्यावर, पण वादळ चालू असताना तेही काही करू शकत नाहीत. आणि यात एक भयंकर गोष्ट आहे जी पुस्तकात नसते. उंचीमुळे फुप्फुसात पाणी झालेला, म्हणजे हेपचा (HAPE) पेशंट आला की पुस्तक म्हणतं ऑक्सिजन द्या आणि खाली उतरवा. नुब्रा आहे तीन हजार मीटरच्या आसपास, लेह साडेतीन हजार, आणि मधली खिंड साडेपाच हजारांच्या जवळ. म्हणजे मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं तर पेशंटला आधी वर चढवावं लागतं! त्यामुळे पाठवण्याआधी तो स्टेबल हवा, गाडीत ऑक्सिजनचे सिलिंडर किती तास पुरतील याचा हिशोब करून एक जादा टाकायचा, सोबत माणूस द्यायचा. घाईत पाठवला तर खिंडीतच गेला.

माझी चूक सांगते. पहिला डिसेंबर, बाई छत्तीस आठवड्यांची, बीपी १४०/९२. मी म्हटलं उद्या परत बघू, लघवीत प्रोटीन फक्त ट्रेस, म्हणजे अगदी किंचित आहे. आमच्या एएनएम (आरोग्यसेविका) ताई, मी त्यांना आचे-ले म्हणायचे, म्हणजे मोठी बहीण, खिडकीतून डोंगराकडे बघत म्हणाल्या, "मॅडम, ढग खाली उतरलेत. आत्ताच पाठवा." मी नाही ऐकलं. रात्री बर्फ सुरू झालं. पहाटे बाईचं बीपी १६६/११०, डोकं दुखतंय, डोळ्यांसमोर अंधारी, आणि रस्ता बंद. झटके येऊ नयेत म्हणून देतात त्या मॅगसल्फच्या दहा अँप्यूल आचे-लेंनी स्वतःच्या जॅकेटच्या आत छातीशी धरून ऊबदार केल्या, इतक्या गार झाल्या होत्या त्या, मग मी भरून दोन्ही कुल्ल्यांवर पाच-पाच ग्रॅम दिलं. रस्ता उघडेपर्यंत दीड दिवस मी तिच्या गुडघ्याचे रिफ्लेक्स, श्वास आणि लघवी मोजत तिच्याशेजारी बसले. बाई आणि बाळ दोघंही वाचली. पण तो एक दिवस मी वाया घालवला होता हे मी विसरलेले नाही.

मिरजेत "वाट बघू" हा निर्णय चालतो, कारण अर्ध्या तासावर मेडिकल कॉलेज आहे. इथे वाट बघणं म्हणजेसुद्धा रेफर न करण्याचा निर्णय घेणंच. तेव्हा रोज सकाळी राउंडच्या आधी दोन गोष्टी विचारायच्या, खिंड उघडी आहे का आणि उद्याचं हवामान काय. स्थानिक स्टाफ ढगांबद्दल काही बोलला तर ऐकायचं, डिग्री बाजूला ठेवून.

आकडे पण नव्याने शिकायला लागतात. ऑक्सिमीटरवर ८९ दिसलं की आपल्याकडे धावपळ होते, लेहच्या उंचीवर तिथल्या ठणठणीत माणसाचंही तेवढं असू शकतं, म्हणून पेशंटकडे बघा, श्वास मोजा. हिमोग्लोबिनचं उलटं आहे. उंचीवर ते मुळातच वाढलेलं असतं, त्यामुळे ॲनिमियाची रेषा दोन-अडीच ग्रॅमने वर सरकवावी लागते. गरोदर बाईचं १२ आलं तर आपण छान म्हणून शेरा मारतो, तिथे ती ॲनिमिक आहे. मी पहिले दोन महिने अशा किती जणींना गोळ्यांवर जोर न देता परत पाठवलं असेल कोण जाणे.

लसींचंही तसंच. आयुष्यभर ऐकलं की उन्हाने लस खराब होते. इथे भीती गोठण्याची. बाहेर उणे वीस असेल तर पेंटा (पाच रोगांची एकत्र लस), हेपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) गोठून निकामी होतात आणि वरून काही कळत नाही. शेक टेस्ट शिकून घ्या. गोठवून वितळवलेली वायल आणि संशयाची वायल एकत्र हलवून शेजारी ठेवायच्या, संशयाच्या वायलमधला गाळ तितक्याच पटकन खाली बसला तर ती फेकायची. लसीच्या कॅरिअरमध्ये हिवाळ्यात आईसपॅक घालायचे नाहीत, साध्या पाण्याचे पॅक घालायचे.

ओपीडीत सगळ्यात जास्त बीपीच. मीठ घातलेला लोण्याचा गुरगुर चहा दिवसभर चालतो. बंद करा म्हणाल तर आबी-ले (आजीला असंच म्हणायचं) हसून मान हलवतील आणि घरी जाऊन तोच पितील. किटलीत एक चिमूट कमी घाला असं सांगितलं की ऐकतात. आणि बीपीचा पट्टा गोंचाच्या (तिथल्या लांब जाड झग्याच्या) बाहीवरून बांधू नका, आत स्वेटर आणि अजून एक स्वेटर असतो, बुखारीजवळ (शेगडीजवळ) बसवून हात मोकळा करायला दहा मिनिटं द्या. बरेच जण आधी 'आमची'कडे, म्हणजे तिथल्या पारंपरिक वैद्याकडे जाऊन आलेले असतात, त्यांची सोवा-रिग्पा ही २०१० पासून सरकारमान्य पद्धत आहे, तेव्हा कोणतं औषध चालू आहे ते आदराने विचारा, म्हणजे खरं सांगतात.

बाकी पटापट. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड घेऊन जा. विमानाने लेहला उतरलात तर पहिले दोन दिवस नुसतं झोपून काढा, जॉयनिंगची घाई नको. सलाईनच्या बाटल्या रात्री उबदार खोलीत ठेवा. हिवाळ्याच्या औषधांचा इंडेंट (मागणीची यादी) सप्टेंबरातच द्या आणि मागच्या वर्षी काय कधी संपलं ते रजिस्टर बघून द्या, अंदाजाने नको. "जुले" एवढा एक शब्द आला तरी दारं उघडतात, आणि नावापुढे "ले" लावा, आपल्या "जी"सारखं.

दुसऱ्या वर्षी आम्ही ओपीडीच्या भिंतीवर एक कॅलेंडर लावलं. प्रत्येक गरोदर बाईची डिलिव्हरीची तारीख लाल पेनाने, आणि जिची तारीख जानेवारी-फेब्रुवारीत तिच्या घरी ऑक्टोबरपासूनच जाऊन बोलायचं, लेहमध्ये कोण नातेवाईक आहेत, घरची जनावरं कोण बघेल, पैसे किती लागतील. सासूबाईंशी बोलणी आचे-लेच करायच्या. त्या हिवाळ्यात लाल तारखा सहा होत्या, आणि सहाही जणी खिंड बंद व्हायच्या आधी लेहला पोचल्या होत्या.