गणिताची गोडी लोकांना कशी लावावी

गणिताविषयी लोकांत आस्था निर्माण करायची म्हटली की थोर गणितींच्या तसबिरी, सूत्रांचे फलक आणि ‘गणित सर्वत्र आहे’ अशा आशयाचे भाषण यांची जुळवाजुळव सुरू होते. इतके करूनही ‘माझे गणित पहिल्यापासूनच कच्चे’ असे म्हणणारा माणूस आला तसाच परत जातो, कारण तेथे त्याला स्वतःला काहीच करावे लागलेले नसते. म्हणून कार्यक्रमाची आखणी एकाच कसोटीवर करावी, असे मला ठामपणे वाटते: येणाऱ्या प्रत्येकाला तर्काची निदान एक पायरी स्वतः चढता आली पाहिजे.

त्यासाठी अशी वस्तू निवडावी, जी त्याच्या नेहमीच्या हाताळणीतली आहे आणि जिच्यातले गणित पाच-दहा मिनिटांत शेवटापर्यंत नेता येते. मोबाइलवरील संदेश सुरक्षित राहण्यामागे गणित आहे हे खरे असले, तरी उभ्या उभ्या ते पडताळून पाहता येत नाही, त्यामुळे ऐकणारा केवळ मान डोलावतो.

ए४ आकाराचा कागद या कामाला अतिशय चांगला आहे. त्याची मापे 210 आणि 297 मिलिमीटर आहेत. 200 आणि 300 असे सुटसुटीत आकडे का घेतले नसतील, हा प्रश्न आधी विचारावा आणि उत्तर देण्याची घाई करू नये. मग लांब बाजू निम्मी होईल अशी कागदाची घडी घालायला सांगावी. तयार झालेला अर्धा कागद आकाराने लहान असला तरी त्याच्या बाजूंचे प्रमाण तेच राहते. आखूड बाजू 1 आणि लांब बाजू क मानली, तर घडीनंतर लांब बाजू 1 आणि आखूड बाजू क/2 होते. दोन्ही प्रमाणे सारखी हवीत म्हणजे क चा वर्ग 2 हवा, अर्थात क हे 2 चे वर्गमूळ हवे. हे पटले नाही तर दुसरी घडी घालावी: आखूड कड लांब कडेवर बसेल असा एक कोपरा दुमडला की पडणारी तिरकी घडी ही 210 मिलिमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण असते, आणि दुसऱ्या ए४ कागदाची लांब कड तिच्यावर ठेवली तर ती तंतोतंत जुळते. ही जुळणी पाहताना पायथागोरसचा सिद्धान्त शाळेतल्या पाठांतरातून प्रथमच बाहेर येतो. एवढ्यावर थांबू नये. ए३ ची प्रत ए४ वर काढताना झेरॉक्सच्या यंत्रावर 71 टक्के का निवडतात, हेही आता त्यांना स्वतः सांगता येते, कारण क्षेत्रफळ निम्मे करायचे तर लांबीला 2 च्या वर्गमुळाने भागावे लागते. शिवाय ए० कागदाचे क्षेत्रफळ 1 चौरस मीटर आणि ए४ हा त्याचा सोळावा भाग असल्यामुळे, दर चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाच्या कागदाचे एक पान 5 ग्रॅम भरते.

ग्रंथालयात टेबल मांडायचे असेल तर पुस्तकामागचा तेरा अंकी आयएसबीएन क्रमांक वापरावा. वाचकाने पहिले बारा अंक सांगावेत आणि तुम्ही तेरावा ओळखावा. त्यानंतर युक्ती उघड करावी: अंकांना आळीपाळीने 1 आणि 3 ने गुणून येणारी बेरीज 10 च्या पटीत असावी लागते. वाचकाला मुद्दाम एखादा अंक चुकवायला सांगितले की चूक लगेच पकडली जाते. मात्र शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली आणि त्यांच्यातील फरक 5 असला, जसे 2 आणि 7, तर ही पद्धत फसते. ही उणीव अवश्य दाखवावी. पद्धतीची मर्यादा नेमकी कोठे आहे हे सांगता येणे, हे गणिताचे फार मोठे बळ आहे.

मोठ्या समूहासाठी वाढदिवसाचा प्रश्न घ्यावा. 23 जणांत किमान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिक असते, कारण 23 जणांच्या 253 जोड्या होतात. आपल्या समूहात जोडी सापडेलच असे नाही, हे आधीच स्पष्ट करावे. किमतीत 20 टक्के वाढ आणि नंतर 20 टक्के घट झाली तर मूळ किमतीच्या 96 टक्केच उरतात, हा हिशेब लहान असला तरी उपयोगाचा आहे.

एका मोहापासून मात्र दूर राहावे. नॉटिलस या समुद्री प्राण्याचा शंख, प्राचीन मंदिरे आणि सुंदर चेहरे या सर्वांत सुवर्ण गुणोत्तर (सुमारे 1.618 हे प्रमाण) असल्याचे फलक सहज मिळतात, परंतु त्यातील बरेचसे दावे मोजमापाला टिकत नाहीत. नॉटिलसचे वेटोळे लॉगरिदमी, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात ठरावीक पटीने रुंदावणारे असते, पण सहसा सुवर्ण गुणोत्तराचे नसते. सूर्यफुलाच्या बियांच्या सर्पिल ओळी मोजल्या तर 34 आणि 55 यांसारख्या फिबोनाची संख्या (1, 1, 2, 3, 5, 8 अशा, आधीच्या दोहोंची बेरीज करून मिळणाऱ्या; लगतच्या दोन संख्यांचे प्रमाण सुवर्ण गुणोत्तराच्या जवळ जाते) बहुधा मिळतात. तेव्हा सूर्यफूलच आणावे आणि लोकांना मोजू द्यावे.

समजावताना ‘हे अगदी सोपे आहे’ असे म्हणू नये, कारण ज्याला ते जमत नाही तो त्यामुळे आणखी खचतो. घड्याळ लावून स्पर्धाही घेऊ नयेत. चुकीचे उत्तर आले तर ते कसे काढले हे विचारावे; पुष्कळदा त्यात अर्धा बरोबर विचार असतो.

युनेस्कोने 2019 मध्ये घोषित केलेला आणि 2020 पासून साजरा होणारा आंतरराष्ट्रीय गणित दिन 14 मार्चला असतो. सुरुवातीला तो सोयीचा आहे, पण ग्रंथालयात महिन्याला एक प्रश्न आणि त्यासोबत हाताळायची एक वस्तू ठेवणे अधिक फलदायी ठरेल. कार्यक्रम कितपत साधला हे अभिप्रायाच्या वहीवरून ठरवू नये. ज्याने कागदाची घडी घातली, त्यालाच पुढच्या माणसाला ती समजावून सांगायची विनंती करावी आणि तो कोठे अडखळतो ते टिपून पुढच्या वेळची मांडणी सुधारावी.