रमच्या बाटलीतली गोळी अडकली तेव्हा

बेळगावात खानापूर रोडला भावोजींच्या बारच्या काऊंटरवर मी संध्याकाळी बसतो, आणि परवा रमची 750 मिलीची बाटली घेतली तर पेगच पडेना, उलटी धरली की दोन थेंब टप टप आणि बंद. गिऱ्हाईक म्हणतंय, काय ओ, माप मारताय काय!

आधी मी खुळ्यागत बाटली जोरात हलवली, पोऱ्या तर सुई घेऊन आला. म्हटलं थांब बाबा, ते तोंडातलं प्लास्टिक उचकटलं तर बाटलीत भेसळ केली म्हणून उद्या आपल्याच डोक्यावर. कारण मानेत जो प्लास्टिकचा पोअरर, म्हणजे ओतायची तोटी असते ना, त्यात एक गोळी आणि वॉल्व्ह असतो, बाटली उभी असली की वॉल्व्ह बंद बसतो म्हणजे वरनं परत काही भरता येऊ नये, आणि तिरकी केली की गोळी सरकून वाट देते. पण दारू बाहेर यायची तर तेवढी हवा आत जायला पाहिजे की! एकदम उलटी धरली तर हवेला वाटच मिळत नाही.

टॉर्च मारून बघितलं तर तोंडाशी जुनी रम वाळून गुळाच्या पाकासारखी चिकटलेली. कोमट पाण्यात फडकं पिळून दोन मिनिटं मानेला गुंडाळलं, तोंड पुसलं, बुडावर तळव्यानं दोन थापट्या. मग तिरकी धरून हळूच फिरवली, टिक् असा आवाज आला आणि धार सुरू, 30 मिलीचं माप बरोबर भरलं.

आता रात्री बंद करताना तोंडं पुसूनच टोपणं लावतो.