आर्बिट्रेशनला स्टेनो ठरवताना

आर्बिट्रेशनमध्ये उलटतपासणीच्या तारखा ठरल्या की वकिलाच्या ऑफिसात निशाण्यांची (पुराव्यातल्या कागदांची) फाईल लागते, प्रतिज्ञापत्रांवर रंगीत चिठ्ठ्या चिकटतात, आणि स्टेनो, म्हणजे साक्ष टाइप करून घेणारा लघुलेखक, मात्र आदल्या संध्याकाळी आठवतो. मग "आमच्याकडे येतात ते, चांगले आहेत" एवढ्या शिफारशीवर काम उरकतं. न्यायालयात ही सोय न्यायालयाचीच असते. खासगी लवादात (आर्बिट्रेशनमध्ये), म्हणजे कोर्टाबाहेर आर्बिट्रेटर म्हणजे लवादापुढे चालणाऱ्या वादात, स्टेनो बाहेरून, बैठकीच्या हिशेबाने आणावा लागतो, आणि साक्षीदार नेमकं काय म्हणाला याचा पुढे एकमेव आधार त्यांनी टाइप केलेली पानंच असतात. म्हणून निदान दोन आठवडे आधी कामाला लागा.

सगळ्यात आधी ठरवायचं ते हे की स्टेनो कुणाचे. उत्तर एकच: दोन्ही पक्षांचे. तुम्ही शोधले असले तरी विरुद्ध वकिलांना मेलवर नाव कळवून लेखी होकार घ्या आणि आर्बिट्रेटरांना पुढच्या निर्देशांत तसं नोंदवायला सांगा: नाव, दर, खर्च निम्मा-निम्मा. ही एक ओळ नसली की महिनाभराने बिल कुणी भरायचं यावर दोन्ही बाजू फोन उचलत नाहीत. लवाद कायद्याच्या कलम ३८ खाली खर्चापोटी आगाऊ अनामत मागता येते. बैठका बऱ्याच असतील तर ती घ्यायला लावाच. स्टेनो तुमच्या ऑफिसातले पगारी असतील, पक्षकाराचे नातेवाईक असतील, तर ते आधीच सांगा, शक्यतो टाळाच. अमेरिकेत तर फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या नियम २८(सी) प्रमाणे पक्षकाराचा किंवा वकिलाचा नातेवाईक वा नोकर जबानी नोंदवूच शकत नाही, पक्षांनी आपसात तसं मान्य केलं नसेल तर. आपल्या लवाद कायद्यात इतकं स्पष्ट काही नाही, म्हणूनच कागदावर आणायचं.

मुंबईत पुष्कळ बैठका कोर्ट सुटल्यावर, पाचनंतर होतात, आणि त्या वेळेला मोकळे असतात ते निवृत्त कोर्ट-स्टेनो किंवा दिवसा दुसरीकडे नोकरी करणारे. निवृत्त म्हणजे सोनं. मिळाले तर सोडू नका. सरकारी नोकरीत असलेल्यांना मात्र खासगी कामाची परवानगी आहे का, हे सरळ विचारा. अवघड वाटतं, पण विरुद्ध बाजूने भर उलटतपासणीत विचारण्यापेक्षा बरं.

मग तो कंत्राटी कामाचा कागद. "स्वतंत्र व्यावसायिक" असं वर लिहिलं म्हणून कुणी स्वतंत्र होत नाही. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या प्रकरणात (सर्वोच्च न्यायालय, 'एआयआर' या निकालसंग्रहात १९७४) शिंपी नगावर पैसे घेत, बाहेरचंही काम करू शकत, रोज यायची सक्तीही नव्हती. तरी न्यायालयाने त्यांना नोकर धरलं, कारण शिलाईची मशीनं दुकानाची होती आणि बिघडलेलं काम उसवून पुन्हा शिवायला लावायचा अधिकार मालकाचा होता. आता आपल्याकडे बघा: लॅपटॉप ऑफिसचा, सकाळी दहाला हजेरी, मधल्या वेळात नोटिसा टाइप करून घ्यायच्या, आणि महिनाअखेर ठरलेली रक्कम. याला कंत्राट म्हणायचं धाडस मी करणार नाही. ज्यांना खरंच बैठकीपुरतं बोलवायचंय त्यांचा लॅपटॉप त्यांचा, इतर कामं घ्यायची मोकळीक त्यांची, बिलही त्यांच्या नावाचं असू द्या. आणि मधल्या वेळात पत्र टाइप करायला सांगायचा मोह आवरा. टीडीएस कोणत्या दराने कापायचा हे सीएंना पहिल्या बिलाआधी विचारा आणि दोन्ही पक्षांनी एकच दर लावावा हे बघा. पॅनकार्डाची प्रत तेव्हाच घ्या.

कौशल्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथेच घसरतं. आपल्याकडे सरकारी लघुलेखक उच्चश्रेणीला १२० शब्द मिनिटाला मागतात, निम्नश्रेणीला १००. प्रमाणपत्र असेल तर उत्तमच, पण लवादात बहुतेक ठिकाणी प्रश्न-उत्तर थेट लॅपटॉपवर, पडद्यावर सगळ्यांना दिसेल असं टाइप होतं. तिथे पिटमनच्या लघुलिपीपेक्षा कान आणि भाषा जास्त लागते. सोसायटीच्या पुनर्विकासाचा वाद घ्या. वकील इंग्रजीत विचारतात, सेक्रेटरी मराठीत उत्तर देतात. मी स्वतः पाहिलंय: साक्षीदार म्हणाले, "सही माझीच, पण वाचून नाही केली," आणि पडद्यावर इंग्रजीत आलं फक्त सही मान्य असल्याचं. पुढचा अर्धा भाग घालायला वीस मिनिटं वाद झाला, कारण विरुद्ध वकिलांना ते अर्धं उत्तरच आवडलं होतं. म्हणून दहा मिनिटांची चाचणी घ्या. सातबारा, फेरफार, कन्व्हेयन्स, एफएसआय, "हो, म्हणजे तसं नाही" हे सगळं असलेला संवाद तुम्हीच वाचून दाखवा आणि काय उमटतं ते बघा. अर्धवट हुंकाराला "हो" करणारे नकोत. "साहेब, पुन्हा सांगता का" असं न घाबरता म्हणणारे हवेत. मराठी उत्तर मराठीतच नोंदवायचं की भाषांतर करून, आणि भाषांतर कुणी सांगायचं, हे मात्र स्टेनोंवर टाकू नका. कलम २२ प्रमाणे कामकाजाची भाषा पक्षांनीच ठरवायची असते. ती आधी ठरवा.

दर बैठकीवर ठेवा. पानावर ठेवलात तर समास रुंदावतात, हा अनुभवाचा भाग. बैठक म्हणजे किती तास, पुढच्या तासाला किती, आणि आदल्या संध्याकाळी तहकूब झाली तर निम्मे पैसे द्यायचे का? द्यावेत, त्यांनी तुमच्यासाठी दुसरं काम नाकारलेलं असतं. दिवसभराची उलटतपासणी असेल तर दोघं बोलवा. चारनंतर एकट्या माणसाच्या चुका वाढतात आणि त्या सगळ्या नेमक्या महत्त्वाच्या उत्तरांत निघतात.

गोपनीयतेचं हमीपत्र विसरू नका. कलम ४२-ए गुप्ततेचं बंधन आर्बिट्रेटर, संस्था आणि पक्षांवर घालतं. स्टेनोंचं नाव त्यात नाही. एक पान पुरे: मजकूर कुणाला दाखवायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा नाही, परवानगीशिवाय रेकॉर्डिंग नाही, आणि बोललेलं लिहून काढणाऱ्या कुठल्याही ऑनलाइन साधनावर चढवायचा नाही. शेवटचा मुद्दा हल्ली निघतोच. २१ फेब्रुवारी २०२३ ला महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने एआयकडून थेट शब्दांकन सुरू केलं, तेव्हापासून पक्षकार विचारतात की माणूस कशाला. ती सुनावणी उघड्या न्यायालयात होती, आपली बंद खोलीत आहे, एवढं सांगितलं की पुरतं.

खोलीत: पडद्याची केबल, एक्स्टेंशन बोर्ड, प्रिंटर, जादा शाई, कागदाचं रीम. साक्षीदाराला बसल्या जागी पडदा दिसतोय का, ते स्वतः त्या खुर्चीत बसून बघा. बैठक संपली की तिथेच छापून प्रत्येक पानावर साक्षीदाराची सही, मग आर्बिट्रेटरांची. "उद्या करू" म्हटलं की साक्षीदार गावी जातो. त्याच संध्याकाळी फाईल दोन्ही वकिलांना एकाच मेलवर जावी, आधी तुम्हाला आणि मग त्यांना असं नको.

फाईल स्टेनोंनी कधी पुसायची हेही लिहून ठेवा. निवाडा (आर्बिट्रेटरांचा निकाल) लागला की लगेच नको: कलम ३४ खाली आव्हानाला निवाडा मिळाल्यापासून तीन महिने, वर कारण दाखवून तीस दिवस मिळतात. तेवढं थांबून, अर्ज झालाय का याची खात्री करून मग पुसायला सांगा. त्यांचं शेवटचं बिल मात्र तोपर्यंत अडकवू नका.