कडुनिंब घालूनही धान्याला बुरशी? या चुका टाळा

मे महिन्यात ज्वारी भरताना कणगीत कडुनिंबाचा पाला टाकला होता. श्रावणात झाकण काढलं तर कुबट वास. मग चुकलं कुठे?

बरेचदा पाल्यातच. झाडावरून ओरबाडलेला हिरवा पाला तसाच धान्यात जातो. त्यात निम्म्याहून अधिक पाणी असतं आणि बंद कोठीत ते शेजारचे दाणे शोषतात. म्हणून बुरशीची गुठळी पाल्याभोवतीच सापडते. पाला सावलीत इतका वाळवा की मुठीत चुरा झाला पाहिजे. अर्क पाण्यात उकळून धान्यावर शिंपडणं ही त्याच चुकीची मोठी बहीण.

दुसरं, कीड आणि बुरशी यांना एकच औषध समजू नका. कडुनिंब सोंड्यांना आवरतो; बुरशी ओलाव्यावर जगते. ज्वारी-गहू साधारण १२ टक्के आणि शेंगदाणे ८ टक्के ओलाव्याच्या आत नसतील तर कोणताही पाला पुरा पडत नाही. कडुनिंबाच्या अर्काने अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष कमी तयार होतं, असं प्रयोगशाळेत दिसलंय खरं, पण बुरशी तरीही वाढू शकते.

ओलावा मोजायला यंत्र नसेल तर तव्यावर परतून गार केलेलं मीठ कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर धान्यासोबत हलवा, पाच-दहा मिनिटं थांबा. मीठ काचेला चिकटलं तर धान्य अजून ओलं आहे. पुन्हा ऊन द्या, पण उन्हातून उचललेलं धान्य गरम असतानाच कोठीत ओतू नका. आत वाफ धरते. रात्रभर गार होऊ द्या. पोतं फरशीवर न ठेवता फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब.

लवंग आणि ओव्याच्या तेलातली युजेनॉल, थायमॉल ही द्रव्यं बुरशीला खरंच रोखतात. पण ती उडून जातात, त्यामुळे सुतळीच्या पोत्यात त्यांचा उपयोग नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, तेही बियाण्यापुरतं, वापरून पाहायला हरकत नाही. वेखंडाची पूडही बियाण्यालाच. खायच्या धान्यात नको.

आणि बुरशी लागलीच तर? धुऊन, भाजून, दळून भागवू नका. भाकरीच्या तव्यावर अफ्लाटॉक्सिन पुरतं जात नाही. ‘गुरांना घालू’ हेही नको. म्हशीच्या पोटातून ते दुधात उतरतं आणि संध्याकाळी आपल्याच चहात येतं.