घरी बांधलेल्या विमानावर नोंदणीची अक्षरे कशी रंगवावीत

छोट्या विमानाचे नकाशे बहुधा अमेरिकेतून येतात. सोबतच्या फोटोंत शेपटीजवळ चार बोटे उंचीचा नंबर दिसतो आणि तो बघून आपणही तसाच काढायला जातो. तसे करू नका. तिथे घरी बांधलेल्या आणि १८० नॉटपेक्षा जास्त वेगाने न उडणाऱ्या विमानाला ३ इंची अक्षरे चालतात. ती त्या देशाची सवलत आहे. आंतरराष्ट्रीय नियम, म्हणजे इकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे सातवे परिशिष्ट, बाजूला किमान ३० सेंटीमीटर आणि पंखाखाली किमान ५० सेंटीमीटर उंची मागते.

आधी डीजीसीएकडून, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून, नोंदणी होऊन ‘व्हीटी’ हे भारताचे चिन्ह आणि पुढची तीन अक्षरे मिळू द्या. ती मिळेपर्यंत रंगाचा डबा उघडू नका. घरी बांधलेल्या विमानाला नोंदणी मिळते का, अशी शंका असेल तर कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव आठवा. त्यांच्या विमानाला २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली.

मग कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करा. अक्षराची रुंदी उंचीच्या दोन तृतीयांश, रेघेची जाडी उंचीच्या एक षष्ठांश, आणि दोन अक्षरांतली मोकळी जागा रुंदीच्या किमान एक चतुर्थांश. ३० सेंटीमीटरच्या अक्षराला २० सेंटीमीटर रुंदी, ५ ची रेघ, ५ ची फट. पाच अक्षरे आणि मधली, अक्षराच्या रुंदीइतकीच लांब, आडवी रेघ मिळून सहा चिन्हे, म्हणजे सगळी लांबी १४५ सेंटीमीटर. पंखाखाली हीच लांबी २४२ च्या आसपास जाते. फक्त ‘आय’ हे अक्षर अरुंद चालते. ‘एम’ मात्र बाकीच्यांइतकेच रुंद ठेवायचे.

जागा मोजून बघा. पंखाखालची अक्षरे डाव्या पंखाच्या पोटावर येतात, त्यांचे माथे पुढच्या कडेकडे. बाजूची अक्षरे पंख आणि शेपूट यांच्यामध्ये, दोन्ही अंगांना, नाहीतर उभ्या शेपटीच्या वरच्या अर्ध्या भागावर. विमान इतके बारीक असेल की ती मावतच नाहीत, तर माप ठरवण्याचा अधिकार नोंदणी करणाऱ्या देशाचा आहे. आपण परस्पर लहान करायची नाहीत, डीजीसीएला लेखी विचारायचे.

उभ्या शेपटीवर काढताना अक्षरे रडरवर, म्हणजे शेपटीच्या मागच्या हलत्या सुकाणूवर, जाऊ देऊ नका, असे माझे ठाम मत आहे. रंगाच्या थरालाही वजन असते. ते बिजागरीच्या मागे पडले की रडरचा तोल बिघडतो आणि वेगात त्याला थरथर सुटू शकते. ही थरथर विमान मोडू शकते. तिथे रंग लावावाच लागला, तर तोल पुन्हा तपासल्याशिवाय उडू नका.

रंगकामाला मालवण, हर्णैकडच्या होड्यांवर नंबर काढणारा पेंटर मिळाला तर सोने. त्याचा हात स्थिर असतो आणि खाऱ्या वाऱ्याची जाणही त्याला असते. पण होडीच्या अक्षरांना सावली द्यायची, टोके वळवायची त्याची सवय इथे चालणार नाही, हे आधीच सांगा. अक्षरे साधी, इंग्रजी कॅपिटल, भरीव आणि पार्श्वभूमीवर उठून दिसणारी हवीत. पांढऱ्यावर काळा किंवा गडद निळा उत्तम. खाकी कागदावर पूर्ण मापाचे साचे कापा, पत्र्यावर चिकटवा आणि वीस पावले मागे जाऊन बघा.

पावसाळ्यात हे काम काढू नका. ओलाव्यात रंगावर पांढुरकी झाक धरते. डिसेंबर-जानेवारीत, ऊन वर आल्यावर, पत्रा गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा. किनाऱ्याजवळ कोरड्या दिसणाऱ्या पत्र्यावरही मीठ असते, बोट फिरवले की चिकट लागते. त्यावर मारलेला रंग पुढे फोड धरून सुटतो. स्टिकर लावायची मुभा आहे, पण तो रंगाइतकाच टिकला पाहिजे. किनाऱ्यावर त्याच्या कडा लवकर उचलतात, म्हणून मी रंगच सुचवेन.

शेवटी ओळखपाटी. तीच अक्षरे आगीत टिकणाऱ्या धातूवर कोरून मुख्य दाराजवळ ठळक दिसेल अशी बसवायची असते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, तेव्हा पाटी स्टेनलेस स्टीलचीच करा.